नऊ लाखांचा कर्णा

स्पष्टच लिहिते. राहत्या घरात गाणे ऐकण्यासाठी जो माणूस स्पीकरच्या एका जोडीवर नऊ लाख रुपये घालतो, तो ते गाण्यासाठी घालत नाही. हौसेसाठी घालत असेल, पाहुण्यांना दाखवण्यासाठी घालत असेल, जन्मभर पोटाला चिमटा घेतला त्याची भरपाई म्हणून घालत असेल. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पैसा त्याचा, घर त्याचे, आणि हौसेला मोल नसते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण पैठणी घेणारी बाई, थंडी वाजत होती म्हणून घेतली, असे कधी सांगत नाही. मग या मंडळींनीच "भीमसेनजींसाठी घेतले हो" असे का सांगावे? माझे भांडण आहे ते या सांगण्याशी.

माझे लिखाण वाचणाऱ्यांत दोघे-तिघे या छंदातले आहेत हे मला ठाऊक आहे. ते रागावतील. रागवा बापडे, पण पूर्ण वाचून रागवा.

निमित्त असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी आहे. आता त्याचेही केस पांढरे झालेत, नुकताच नोकरीतून मोकळा झालाय, पण मला अजून 'बाई'च म्हणतो. तो दोन जोड्यांमध्ये अडकला होता. एक सव्वाचार लाखांची, दुसरी नऊची. घ्यायची ती वडिलांसाठी. वडील चौऱ्याऐंशीचे. जन्मभर नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकत आलेले, पण गेली तीन-चार वर्षे "गाण्यात आता मजा राहिली नाही" म्हणतात आणि लावलेले गाणे बंद करायला सांगतात. मुलाला वाटले, जुनी सिस्टीम गेली असणार, चांगली आणू. "बाई, तुम्ही एकदा चलून ऐका बरं. मला तर दोन्ही भारीच वाटून राहिले."

गेले. (कोणते दुकान, कोणती कंपनी ते विचारू नका. मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही.) आत पाय बुडेल असा गालिचा, भिंतींना गाद्यांसारखे फोमचे तुकडे, खिडकी एकही नाही, बाहेरच्या रहदारीचा मागमूस नाही. विक्रेता मुलगा नम्र, चहा वगैरे विचारणारा. त्याने जे लावले त्यात एक परदेशी बाई गिटारवर हळू आवाजात गात होती, मग कुठले तरी ढोल वाजले. मी म्हटले, कुमार गंधर्व लावा. त्याच्याकडे नव्हते. आम्ही पेन ड्राइव्ह नेला होता, तो लावला. दोन्ही जोड्या आलटून पालटून ऐकल्या. नऊ लाखांची लागली की आवाज किंचित मोठा व्हायचा. मी म्हटले, दोन्हींचा आवाज सारखा ठेवून ऐकवता का? तेव्हा तो हसून म्हणाला, "काकू, हा फरक असा लगेच नाही कळत. त्याला कान तयार व्हावा लागतो."

पन्नास वर्षे गाणे ऐकलेल्या बाईला हे सांगितले, ते जाऊ द्या. पण त्या वाक्यात या धंद्याची सगळी गोम आहे. फरक ऐकू आला तर स्पीकर चांगला, नाही आला तर कान वाईट! मी शाळेत असा प्रश्न काढला असता, की बरोबर उत्तर आले तर मास्तर हुशार आणि चुकीचे आले तर मुलगा ढ, तर हेडमास्तरांनी मला दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतले असते.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारी, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. विजेचे मला फार कळते असा दावा नाही. पण वाचता येते. घरी येऊन महिनाभर वाचले आणि ओळखीच्या एका विज्ञानाच्या सरांकडून गणिते तपासून घेतली. जे समजले ते लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे स्पीकर ही काही नवी जादू नाही. चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली ज्या पद्धतीचा स्पीकर मांडला, म्हणजे एक शंकू, त्याच्या मुळाशी तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याभोवती चुंबक, त्याच पद्धतीचे बहुतेक स्पीकर आजही आहेत. शंकू कागदाचा होता, त्याचा प्लॅस्टिकचा, कापडाचा, धातूचा झाला. खोक्याचे गणित सुधारले. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते इतके नीट मांडून ठेवले की बरा स्पीकर बनवणे ही आता गुप्त विद्या राहिलेली नाही. ज्या वस्तूचे शास्त्र पन्नास वर्षे पुस्तकात उघडे पडले आहे, तिची किंमत एका दुकानात चाळीस हजार आणि दुसऱ्या दुकानात चाळीस लाख असेल, तर मधला सगळा फरक आवाजाचा असेल यावर माझा तरी विश्वास नाही. लाकूड असेल, पॉलिश असेल, वजन असेल, जहाजाचे भाडे असेल, दुकानाचा गालिचा असेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती कोणी दुकानात सांगत नाही. फ्लॉइड टूल नावाचे एक संशोधक कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत होते. त्यांनी पडद्यामागे स्पीकर ठेवून माणसांना ऐकवले. कोणता स्पीकर, केवढा, कितीचा, काही सांगायचे नाही, फक्त ऐका आणि गुण द्या. गंमत अशी की "कान ज्याचे त्याचे" हे आपले लाडके वाक्य त्यात फारसे टिकले नाही. पडद्याआड माणसांची मते बरीचशी जुळली. सगळे सूर सारख्या न्यायाने वाजवणारा, मध्येच कुठला फुगवणारा किंवा गिळणारा नव्हे, असा स्पीकर बहुतेकांना आवडला. पुढे १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत चाळीस जणांवर एक प्रयोग केला. चाळीसही कंपनीचेच लोक, म्हणजे आपल्या मुलाने ज्यांना 'तयार कान' म्हटले असते असेही त्यांत होते. तेच स्पीकर एकदा पडद्यामागून ऐकवले, एकदा समोर ठेवून. समोर दिसल्याबरोबर मोठ्या, देखण्या, महागड्या स्पीकरचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त संचाचे, जो पडद्यामागे बऱ्यापैकी टिकला होता, गुण घसरले. कान तेच, गाणे तेच, बदलले ते फक्त डोळे.

म्हणून माझे म्हणणे, नऊ लाख हे डोळ्यांचे मूल्य आहे. आणि विक्रेत्याने जो आवाज किंचित मोठा ठेवला होता, त्यालाही कारण आहे. दोन सारख्याच वस्तूंपैकी जिचा आवाज एखादा डेसिबल जास्त असेल ती आपल्याला 'मोठी' न वाटता 'चांगली' वाटते. भाजीवाला तराजूला बोट लावतो तसे हे आहे. मुलाने मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. त्यालाही ठाऊक नसेल. पण विचारल्यावर सारखा करायला काय हरकत होती?

आता खोली. ज्या खोलीत ही जोडी जाणार होती ती मी पाहिली आहे. बारा बाय दहा, उंची दहा फूट. खाली चकचकीत टाइल्स, दोन भिंतींना सरकत्या काचा, पडदे पातळ. मधोमध उभे राहून टाळी वाजवली की टाळीनंतर एक झणझण ऐकू येते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, आणि बंद खोलीत काही ठराविक सूर भिंतींच्या मध्ये अडकून दुपटीने घुमतात. बारा फुटांना तो सूर सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा येतो, दहा फुटांना ५६ चा. या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच, म्हणजे ५६ चा सूर दोन्हीकडून घुमणार! एका खुर्चीत डग्गा ढगासारखा गडगडेल आणि हातभर बाजूला सरकलात तर गायब होईल. सव्वाचार लाखांची जोडी लावा की नऊची, खोलीला त्याचे काही नाही. उलट जो स्पीकर जितका खाली उतरतो तितका तो या खोलीला चिथावतो. म्हणजे त्या घरात महाग जोडी स्वस्त जोडीपेक्षा वाईट वाजण्याची शक्यता खरोखरच आहे, आणि हे सांगणारा माणूस दुकानात नसतो, कारण दुकानाला खिडकीच नाही.

आणि नागपूरकरांनी तर उन्हाळ्याचा हिशोब करायलाच हवा. मार्चच्या शेवटापासून जून उजाडेपर्यंत आपण कूलरच्या तोंडाशी जगतो. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर कूलर बंद करून मारवा ऐकणारा रसिक मला दाखवा, मी त्याला हार घालीन. चांगला मोठा कूलर खोलीत साठेक डेसिबलचा गोंगाट सहज करतो. तंबोऱ्याचा झंकार, श्वास घेऊन सुरात शिरण्यातली हलकी जागा, हे सगळे त्या गोंगाटाखाली गाडले जाते. 'अत्यंत सूक्ष्म तपशील' ऐकवणारे यंत्र वर्षातले अडीच-तीन महिने पाण्याच्या पंपाशी झुंजणार. (एसीवाल्यांचे बरे आहे. पण माझ्या या विद्यार्थ्याचे वडील एसीत बसत नाहीत, गुडघे धरतात.)

मग प्रश्न उरतो की ऐकायचे काय आहे. या घरात बालगंधर्व आहेत, मास्टर दीनानाथ आहेत, अब्दुल करीम खाँ आहेत, केसरबाई आहेत, मग मन्सूर, कुमार, भीमसेन, वसंतराव, किशोरीताई. आपल्या देशात गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्याला. गौहरजान कर्ण्यात तोंड घालून गायली, विजेचा संबंधच नव्हता. विजेवरचे ध्वनिमुद्रण जगात १९२५ पासूनचे. त्यानंतरच्या जुन्या तबकड्यांतही पाच-सहा हजार कंपनांच्या वर गाण्यातले फारसे काही नाही, वर आहे ती खरखर. खाँसाहेब १९३७ साली गेले, दीनानाथ १९४२ साली. त्यांच्या तबकड्यांत जे उतरलेच नाही ते नऊ लाखांच्या स्पीकरमधून कोठून येणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. उलट चांगला स्पीकर ती खरखर फार प्रामाणिकपणे ऐकवतो. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून ताऱ्यांकडे गेली, ती साडेतीन मिनिटांची. ती ऐकून जर कोणी परग्रहावरचा माणूस नागपुरास आला, तर तो स्पीकर कोणता होता असे विचारणार नाही.

नव्या ध्वनिमुद्रणांचे वेगळे, मान्य. पण तिथेही आपल्या संगीताची गरज काय आहे ते पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा. त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास. बायका काळी चार-पाचला गातात, म्हणजे २०८ ते २३३. डग्ग्याचा घुमारा त्या खर्जाच्याच शेजारी. म्हणजे पन्नास-साठ कंपनांपर्यंत जो स्पीकर न अडखळता उतरतो, त्याने आपले काम भागले. त्याखालचा जो भाग आहे तो पाश्चात्य चर्चमधल्या ऑर्गनचा, सिनेमातल्या स्फोटांचा. आणि स्पीकरची किंमत सर्वात जास्त चढते ती याच तळाच्या भागासाठी, कारण खाली उतरायचे तर खोके मोठे लागते, शंकू मोठा लागतो, वजन वाढते. आपण ख्याल ऐकायचा आणि पैसे ऑर्गनचे भरायचे!

वरच्या टोकाचीही तीच कथा. माहितीपत्रकावर अभिमानाने लिहिलेले असते, चाळीस हजार कंपनांपर्यंत. वटवाघळांना आनंद होईल. माणसाचे लहान मूल वीस हजारांपर्यंत ऐकते. सत्तरीनंतर आपल्यापैकी बहुतेकांना दहा-बारा हजारांच्या वरचे काहीही ऐकू येत नाही. ते माझ्याही वाट्याला आले आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण नऊ लाख रोख मोजू शकणारा माणूस सहसा पंचविशीतला नसतो. खिसा भरतो तोवर कान रिता झालेला असतो, आणि धंदा नेमका त्या वयाला गाठतो.

तारांचे दोन शब्दांत आटपते. त्या दुकानात स्पीकरला जोडायच्या तारेची किंमत ऐकून मी उठलेच. घरातल्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार पाच मीटर वापरली तर जाऊन-येऊन तिचा रोध होतो ओहमच्या सातशतांशाइतका, आणि स्पीकर स्वतः असतो बहुधा आठ ओहमचा. तांबे ते तांबे. वॅटचेही तसेच. आपल्या खोलीत ज्या आवाजात ख्याल ऐकतो त्याला सरासरी एक वॅटही लागत नाही, तबल्याच्या थापेला क्षणभर दहा-वीस लागतील. तिनशे वॅटचा ॲम्प्लिफायर गणपतीच्या मिरवणुकीला द्या.

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश होऊन "बघा, आम्ही म्हणतच होतो, मोबाईलवरही सगळे ऐकू येते" असे म्हणू लागतील. त्यांनाही जरा थांबवते. पेल्याएवढ्या ब्लूटूथच्या डब्यातून तंबोऱ्याचा खर्ज येऊ शकत नाही. हवा हलवायला शंकू लागतो आणि त्या डब्यात तो बशीएवढाही नसतो. मग तो डबा लबाडी करतो. खालचे सूर नाहीत म्हणून त्यांच्या वरचे थोडे फुगवतो, ते ऐकून आपल्याला वाटते 'बेस आहे'. डग्गा फुगतो आणि तंबोरा हरवतो. ज्याचा षड्जच हरवला त्या गाण्यात गायक कशाच्या आधाराने उभा आहे ते कसे कळणार? माझ्या मते आजच्या मुलांना ख्याल कंटाळवाणा वाटतो त्याला हेही एक कारण आहे. त्यांनी तंबोरा ऐकलेलाच नाही.

आणि तिसरे, माझ्याच वयाचे, जे डोळे मिटून "मर्फीच्या रेडिओची गोडी कशात नाही" म्हणतात. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा, १९५२ पासूनचा तो, आमच्याकडे शेजारपाजारचे येऊन बसायचे, हे सगळे मलाही आठवते. पण मीडियम वेव्हवर पाच हजारांच्या वरचे काही यायचेच नाही आणि लाकडी पेटी स्वतःच्या सुरात गुंजायची. गोडी त्या न येण्यात होती, आणि बरीचशी त्या वयात. तो रेडिओ जपून ठेवा, पण त्याला कसोटी मानू नका.

छंदातली जाणकार मंडळी एक खरा आक्षेप घेतात, तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, कसोटी म्हणजे माइकशिवायचे, समोर बसून ऐकलेले गाणे, आणि त्याच्या जवळ जायचे तर यंत्र उत्तमच हवे. कसोटी अगदी बरोबर आहे. पण मग मी विचारते, तुम्ही माइकशिवायचा तंबोरा शेवटचा कधी ऐकलात? आपल्या सभागृहांत तंबोऱ्यालाही माइक, तबल्याला दोन, आणि डग्ग्याची थाप छातीवर आदळल्याखेरीज पुढच्या रांगेला समाधान नाही. ज्याने मूळच ऐकलेले नाही तो नक्कल हुबेहूब आहे की नाही हे कशावरून ठरवतो? वसंतराव देशपांडे याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. त्या काळी ऐकणाऱ्यांना कसोटी शोधत हिंडावे लागत नव्हते, ती गल्लीत होती. नऊ लाखांत आजही घराच्या दिवाणखान्यात गाद्या घालून कितीतरी बैठका होतील. चांगले गाणारे तरुण या शहरात आहेत, मानधन मागायला संकोचतात. पण बैठक करायची तर चाळीस माणसांना चहा करावा लागतो, चपला सांभाळाव्या लागतात. स्पीकर बोलत नाही, चहा मागत नाही.

आता त्या वडिलांकडे येते, कारण मला राग आहे तो मुख्यतः त्यांच्यामुळे. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस म्हणतो गाण्यात मजा राहिली नाही. त्यांच्याशी अर्धा तास बोलले. दोन वाक्यांत एकदा 'काय?' म्हणतात. सून बोलली की कळत नाही, मुलगा बोलला की कळते, कारण पुरुषी आवाज खालचा. टीव्ही इतका मोठा की जिन्यात ऐकू येतो, आणि कोणी जवळ येऊन मोठ्याने बोलले तर "ओरडता काय?" म्हणून चिडतात. हे म्हाताऱ्या कानाचे अगदी ठरलेले वागणे आहे. वरचे सूर आधी जातात, म्हणून व्यंजने जातात, शब्द विरघळतात. हळू ते ऐकू येत नाही आणि मोठे ते सोसत नाही, मधली वाट चिंचोळी होत जाते. अशा कानाला तंबोऱ्याची जवारी म्हणजे नुसती गुणगुण. मजा कोठून राहणार? आणि या माणसापुढे नऊ लाखांचे स्पीकर मांडायचे! दुकानातल्या त्या मुलाने "कोणासाठी घेताय, त्यांचे वय काय" एवढे तरी विचारायला हवे होते. त्याला ते वडिलांसाठी आहेत हे माझ्यासमोर सांगितले होते.

मी विद्यार्थ्याला म्हटले, आधी त्यांचे कान तपास. मेडिकलला किंवा मेयोला कान-नाक-घसा विभाग आहे, खासगीतही होते, तासाभराचे काम. कोणते सूर किती गेलेत याचा आलेखच हातात मिळतो. म्हणाला, "बाई, बाबा मशीन लावणार नाहीत. त्यांना म्हटलं की चिडतात." हेच तर. चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो आणि कानाचे यंत्र लावले की म्हातारा, असे आपणच ठरवून ठेवले आहे. स्पीकर आणायला बाबांची समजूत घालावी लागत नाही. यंत्र लावायला लागते, चार वेळा, दहा वेळा, रुसवे काढून. त्या दहा वेळा टाळण्यासाठी मुलगा नऊ लाख मोजायला तयार आहे. त्याचे प्रेम खोटे नाही, मी त्याला आठवीपासून ओळखते. पण असे प्रेम ओळखणे हेच या धंद्याचे कसब आहे. एक मात्र सांगून ठेवते. कानाची यंत्रे बोलणे कळावे म्हणून बसवलेली असतात आणि गाण्याला ती कधी कधी चमत्कारिक वाजवतात, लांबलेल्या सुराला गोंगाट समजून दाबतात. बऱ्याच यंत्रांत गाण्यासाठी वेगळी सोय असते, ती ऑडिऑलॉजिस्टला मागून चालू करून घ्यावी लागते. न मागता सहसा कोणी करून देत नाही.

आणि इतके झाल्यावर स्पीकर घ्यायचेच असतील, तर जरूर घ्या. मी काही स्पीकरची वैरी नाही. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांत ठेवायला एक छोटा स्पीकर करवून घेतला, एलएस३/५ए नावाचा, जेमतेम फूटभर उंचीचा. खाली फारसा उतरत नाही, मोठ्याने वाजत नाही, पण माणसाचा आवाज माणसासारखा काढतो म्हणून पन्नास वर्षे लोक त्याचे नाव घेतात. (आता त्याच्याही नव्या आवृत्त्या चढ्या भावाने विकतात, तो भाग निराळा.) आपली गरज साधारण तीच आहे. बाराबाय दहाच्या खोलीला दोन मध्यम आकाराचे, टेबलाएवढ्या उंचीच्या स्टँडवर ठेवायचे स्पीकर पुरतात. माझ्या मते दीड लाखाच्या पुढे ॲम्प्लिफायरसकट जाण्याचे काही कारण नाही, आणि निम्म्यात काम झाले तरी मला आश्चर्य वाटणार नाही. दुकानात घरातल्याच कोणाचे तरी बोलणे मोबाईलवर नीट मुद्रित करून न्या आणि तेच लावायला सांगा. परक्या गायिकेचा आवाज खरा कसा आहे ते आपल्याला ठाऊक नसते, बायकोचा असतो. मग नुसता तंबोरा लावा, पाच मिनिटे, दुसरे काही नको. चारही तारा वेगळ्या कळतात की एकच गुंजन होते ते पाहा. आवाज सारखा करून द्यायला सांगा, आणि कोणती जोडी वाजते आहे हे न सांगता. विक्रेता कुरकुरला तर चहा पिऊन उठा. आठ दिवस घरी ठेवून ऐकू देणारा मिळाला तर त्याच्याकडून दोन पैसे जास्त देऊनही घ्या.

घरी आणल्यावर भिंतीला चिकटवून ठेवू नका, कोपऱ्यात तर मुळीच नको, हात-दीड हात पुढे घ्या. मागच्या भिंतीला पुस्तकांचे भरलेले कपाट, काचांवर जाड पडदा, आणि खाली मोठी सतरंजी. सतरंजी महालातून आणली तर दुकानातल्या त्या तारेच्या किमतीत चार येतील.